शिवडीची शेव्हरोले

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी, गोठ्याला लागून काढलेल्या पत्र्याच्या पडवीत, १९५१ सालची एक शेव्हरोले मोटार बेचाळीस वर्षे उभी होती. २०१६ साली ती माझ्या दारात आली. तिचा मूळचा करडा रंग बोनेटवर इतका झिजला आहे की खालचे अस्तर दिसते. मागच्या गादीची शिवण उसवली आहे. डाव्या मडगार्डला एक जुना पोचा आहे. गाडी चालते, ब्रेक लागतात, दिवे मंद का होईना पण पेटतात. मी तिला रंग दिलेला नाही, पोचा काढलेला नाही आणि काढणारही नाही. "एवढी गाडी आणली आणि अशीच ठेवली?" असे मंचर-नारायणगावच्या रस्त्यावर मला किती जणांनी विचारले असेल, त्याची गणती नाही. त्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

मोटारींचा छंद मला कधी नव्हता. जुन्या पुणे-नाशिक रस्त्याची माहिती जमवत मी गावोगाव फिरत होतो. टपालाच्या गाड्या, सर्व्हिस मोटारी, घाटातले अपघात, पूल नसताना नदी ओलांडायच्या जागा, असे काहीबाही वहीत उतरवून घेत होतो. एका गावी कळले की तिथल्या दिवंगत डॉक्टरांची जुनी रजिस्टरे अजून माडीवर आहेत. गेलो. डॉक्टरांच्या सूनबाई म्हणाल्या, "रजिस्टरं वाळवीनं खाल्ली हो. पण गाडीत काही कागद असतील, बघून घ्या. परवा भंगारवाला यायचाय."

गाडीच्या समोरच्या कप्प्यात मला एक लांबट वही सापडली. डाव्या बाजूला तारीख आणि गॅलनमध्ये पेट्रोल, उजव्या बाजूला गावाचे नाव. घोडेगाव, शिनोली, कळंब, ओतूर. आणि पानापानावर, महिन्यातून एकदोनदा तरी, 'आंबेगाव'. मी तिथेच थांबलो. तालुक्याला ज्याच्यावरून नाव पडले ते आंबेगाव आज नकाशात गाव म्हणून उरलेले नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली ते गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव तेवढे मागे राहिले. आणि इथे माझ्यासमोर त्या बुडालेल्या गावाच्या रस्त्यावर चाललेली मोटार उभी होती. भंगाराच्या भावापेक्षा थोडे अधिक पैसे देऊन मी ती घेतली. वही तिच्याबरोबर आली, असे म्हणण्यापेक्षा वहीबरोबर गाडी आली, असे म्हणणे जास्त खरे.

ही गाडी 'अमेरिकन' म्हणायची का, हा पहिला प्रश्न. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. मोटारीचे सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून बोटीने यायचे आणि शिवडीत त्यांची जुळणी व्हायची. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ सालची, आणि ती तर अमेरिकेच्या नव्हे, कॅनडाच्या फोर्डची शाखा होती. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे आजोबांच्या आठवणीत जी 'अमेरिकन गाडी' असते, ती पुष्कळदा मुंबईच्या कामगारांच्या हातांनी उभी राहिलेली असते. स्टेअरिंग उजवीकडे, कारण रस्ता आपला. टायर, बॅटरी, गाद्यांचे कापड अशा वस्तूही हळूहळू इथल्या होऊ लागल्या होत्या. डनलॉपचा टायरचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला १९३६ सालीच निघाला होता.

हा व्यवहार फार काळ टिकला नाही. नुसती जुळणी करून भागणार नाही, भाग इथे बनवायचा कार्यक्रम असेल त्याच कंपन्यांनी राहावे, असे धोरण १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने घेतले. फोर्ड गेली, आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखानाही बंद झाला. माझी गाडी म्हणजे त्या कारखान्याच्या शेवटच्या काही वर्षांतली.

कारखाना गेला, गाड्या राहिल्या. सुटे भाग परदेशातून आणायचे तर परवाना हवा, आणि १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर तो मिळणे आणखी अवघड झाले. मग गॅरेजवाल्यांनी आपल्या अकलेने वाट काढली. एका गाडीचा कार्बोरेटर दुसरीला, ट्रकचा डायनॅमो मोटारीला, मिस्त्रीने स्वतः ओतलेली बेअरिंगे. १९७३ नंतर पेट्रोल भडकले तेव्हा मोठ्या अमेरिकन गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने बसली आणि त्यांतल्या पुष्कळ मुंबईत टॅक्सी म्हणून राबल्या. क्यूबातही हेच घडले. अमेरिकेने व्यापार तोडल्यावर हवानातल्या लोकांनी पन्नासच्या दशकातल्या शेव्हरोले आणि प्लिमथ मिळेल त्या इंजिनावर चालवत ठेवल्या. त्यांचे फोटो पाहून आपण 'काय जपल्यात' म्हणतो, पण त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या पत्र्याखेरीज मूळचे थोडेच उरले आहे. यात कमीपणा काही नाही. जी गाडी पोट भरते तिला बदलावेच लागते.

याचा अर्थ असा की न बदललेली गाडी ही बहुधा काम सुटलेली गाडी असते. डॉक्टरांनी १९७४ मध्ये पेट्रोल परवडेना म्हणून शेव्हरोले पडवीत लावली आणि जीप घेतली. पुढे दुरुस्तीची गरजच पडली नाही, म्हणून कोणी हात लावला नाही. मंचरच्या पूर्वेकडची हवा कोरडी. पश्चिमेला, डोंगराच्या पावसात, हीच गाडी दहा वर्षांत गंजून गेली असती. तिचे मूळपण ही कोणाच्या दूरदृष्टीची करामत नाही. परिस्थिती, हवा आणि थोडे विस्मरण यांनी मिळून ते राखले.

आता अशी गाडी वाचायची कशी ते सांगतो. वाचायची म्हणतो, कारण गेली काही वर्षे मी तेच करतो आहे.

सुरुवात खालून करावी. चासीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे धुण्याचे पाणी पोहोचत नाही, तिथे मातीचा बोटभर जाड थर बसलेला होता. चाकूने त्याचा एक तुकडा सरळ कापून काढला तर आत पट्टे दिसले. तांबडा, काळा, पुन्हा तांबडा. तांबडी माती पश्चिमेकडची, डोंगरपट्ट्यातली. काळी पूर्वेकडची, भीमा-घोडच्या सपाटीची. डॉक्टर कोणत्या दिशेला जात होते, हे वही सांगते. माती तिला दुजोरा देते. ही चासी वाळूच्या फवाऱ्याने लख्ख करून काळी रंगवली असती तर गाडी देखणी झाली असती आणि हा पुरावा गटारात गेला असता.

मग रंग. त्या काळी जनरल मोटर्सच्या गाड्यांना नायट्रोसेल्युलोज लॅकर मारत. आपल्याकडे मोटारीच्या रंगकामाला सरसकट 'ड्युको' म्हणतात, ते मूळचे याच जातीच्या एका अमेरिकन रंगाचे नाव. हा रंग फवारल्यावर मंद दिसतो, घासून घासून त्याला चकाकी आणावी लागते. आणि दर पॉलिशबरोबर तो थोडा थोडा कमी होतो. माझ्या गाडीच्या बोनेटवर ड्रायव्हरच्या बाजूला रंग जास्त झिजला आहे, दुसऱ्या बाजूला कमी. कोणीतरी वर्षानुवर्षे एकाच बाजूला उभे राहून, उजव्या हाताने, जिथवर हात पोहोचतो तिथवर पुसले आहे. डॉक्टरांच्या ड्रायव्हरचे नाव घरच्यांनाही आता आठवत नाही. त्याचा हात मात्र बोनेटवर आहे.

तिसरी गोष्ट कुंकवाची. डॅशबोर्डच्या मधोमध आणि स्टेअरिंगच्या गोल बटणावर एक तपकिरी डाग आहे. गाडी आणली तेव्हा तो गंज वाटला. भिंगाखाली पाहिल्यावर कळले की तो थरावर थर चढलेला हळदकुंकवाचा ठसा आहे. दर दसऱ्याला एक. गाडी बंद पडून पडवीत गेली तरी घरातल्या बायकांनी पूजा सोडली नव्हती, हे सूनबाईंनीच सांगितले. मूळपणाचा अर्थ 'कारखान्यातून निघाली तशी' एवढाच घेतला तर हा डाग पुसायला हवा, कारण शिवडीतून निघताना तो नव्हता. मला ते पटत नाही. गाडी शिवडीत तयार झाली आणि आंबेगावात जगली. मूळपण म्हणजे जन्माचा क्षण नव्हे. जन्मापासून आजपर्यंतचे तिचे जगणे कुठेही न तुटता, न लपवता दिसले पाहिजे. तो डाग खरा आहे. त्याच्यावर मारलेला नवा करडा रंग खोटा ठरेल.

हे शहाणपण मला आधीपासून होते असे नाही. ते एका चुकीतून आले आणि ती चूक माझीच.

२०१८ मध्ये गाडी पहिल्यांदा सुरू झाली. त्या आनंदात आतून जरा नीटनेटकी करावी असे वाटले. चारही दारांना आतून रेक्झिन चढवलेले पुठ्ठे असतात. ते फाटले होते, ओलीने फुगले होते. मी नारायणगावच्या एका कुशनवाल्याला ते नव्याने करायला सांगितले. त्याने माप घेतले, तीन दारांचे पुठ्ठे काढून नवे बसवले, काम चोख केले. जुन्यांचे काय करू म्हणून त्याने विचारले, मी म्हणालो, "टाकून द्या." संध्याकाळी त्याच्या पोराने कचऱ्याबरोबर ते पेटवले. चौथ्या दाराचे काम दुसऱ्या दिवशी होते. उजव्या बाजूच्या मागच्या दाराचा पुठ्ठा मी स्वतः काढला आणि उलटा करून पाहिला.

पाठीवर निळ्या पेन्सिलीने देवनागरी '५' लिहिले होते आणि खाली बाळबोध अक्षरात 'उजवे मागील'.

ही अक्षरे कधीची? पुढे पुण्या-मुंबईच्या एखाद्या कारागिराने ती लिहिली असतील, ही शंका घेतलीच पाहिजे. पण 'मागील' मधला शेवटचा ल रेक्झिनच्या दुमडलेल्या पट्टीखाली गेला आहे. म्हणजे आधी लिहिले, मग रेक्झिन चढवले. रेक्झिन पुन्हा कधी बदलले असते तर पुठ्ठ्याच्या कडेला टाचण्यांच्या भोकांची दुसरी ओळ दिसली असती. ओळ एकच आहे. तेव्हा हे लिखाण गाडीच्या पहिल्या जुळणीच्या वेळचे आहे, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. शिवडीच्या कारखान्यात मराठी लिहिता येणाऱ्या एका माणसाने ते लिहिले. त्या काळात जुन्नर, आंबेगाव, खेडची घरटी एक-दोन माणसे मुंबईला होती. डबेवाले याच पट्ट्यातले, गोदीत आणि गिरणीत हमाली करणारेही इथलेच. तो माणूस आमच्याकडचा होता असा दावा मी करणार नाही. पण या गाडीला हात लावणारा पहिला मराठी माणूस तो, आणि त्याची सही म्हणावी अशी एवढीच खूण शिल्लक आहे.

आता चुकीची किंमत पाहा. चारही दारांच्या पुठ्ठ्यांवर '५' असता तर तो गाडीचा क्रमांक ठरला असता, म्हणजे दिवसाच्या किंवा तुकडीच्या रांगेतली पाचवी गाडी. चार दारांवर वेगवेगळे आकडे असते तर तो नमुन्याचा किंवा कारागिराचा क्रमांक ठरला असता. पहिल्या अर्थाने शिवडीत काम कसे चालायचे यावर प्रकाश पडला असता, दुसऱ्या अर्थाने कोण करायचे यावर. उत्तर तीन पुठ्ठ्यांच्या पाठीवर होते आणि मी ते सत्तर रुपयांच्या नव्या पुठ्ठ्यांसाठी जाळू दिले. कुशनवाल्याचा यात काडीचा दोष नाही. मी त्याला जे सांगितले ते त्याने केले. कागदपत्रे तपासणारा माणूस म्हणवणाऱ्या मला पुठ्ठ्याची मागची बाजू पाहावीशी वाटली नाही, हे खरे दुखणे.

जुन्नरला एके काळी हातकागद बनत असे आणि जुन्नरी कागद दूरवर वापरात होता. अशा जुन्या कागदाची दुरुस्ती करणारा माणूस काय करतो? फाटलेल्या जागी पातळ कागद चिकटवतो, तो असा की खालचे अक्षर झाकले जाऊ नये आणि पुढे कोणाला काढायचा झाला तर निघावा. पुसट झालेले अक्षर तो नव्या शाईने गिरवत नाही. गिरवले की ते अक्षर त्याचे झाले, जुन्या लेखकाचे उरले नाही. मोटारीच्या बाबतीत आपण बरोबर हेच गिरवण्याचे काम करतो आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतो.

या शब्दात आपल्याकडे पुण्य आहे, म्हणून अडचण. आमच्या भागात किती जुन्या दगडी देवळांना श्रद्धेने ऑइलपेंट लागला आहे! लावणाऱ्यांचा भाव शुद्ध असतो. पण दगडावरची छिन्नीची रेघ रंगाखाली जाते. दुसरीकडे जुन्नरच्या लेण्यांकडे पाहा. तिथे यवन दात्यांचे लेख आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भिक्षूंसाठी भोजनमंडप. माणसे परदेशी, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. परका माणूस आणि परकी वस्तू आपल्या मातीत कशी मुरते, हे त्या चार ओळींवरून समजते, कारण दोन हजार वर्षांत कोणी त्या भिंती 'स्वच्छ' केल्या नाहीत. अमेरिकन मोटारीच्या पुठ्ठ्यावरचा देवनागरी पाच मला त्याच जातीचा वाटतो. फार लहान, फार अलीकडचा, पण जात तीच.

जगभरच्या जुन्या मोटारींच्या संस्थांनाही हे उशिरा उमगले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने 'तुरिन सनद' म्हणून एक दस्तऐवज केला. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस सनद झाली होती, तिचाच धागा यात आहे. तुरिन सनद तीन गोष्टी वेगळ्या करते. जतन म्हणजे वस्तू आहे तशी सांभाळणे. संधारण म्हणजे तिचा ऱ्हास थांबवणे, जुने न पुसता. आणि पुनर्स्थापन म्हणजे गेलेले पुन्हा करणे, तेही पुराव्याच्या आधाराने आणि गरजेपुरते. पूर्वी जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत आरशासारखी चकाकणारी गाडी बक्षीस घेई. आता कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचसारख्या नामांकित मेळ्यातही न रंगवलेल्या गाड्यांचा वेगळा गट असतो.

व्यवहारात मी गाडीचे दोन भाग मानतो. झिजण्यासाठीच बनलेल्या वस्तू एका बाजूला. टायर, तेल, फॅनबेल्ट, ब्रेकची रबरे, बॅटरी, पाण्याच्या नळ्या. त्या बदलायच्याच, ब्रेकच्या बाबतीत तर कसलाही मोह नको. रंग, काच, गाद्या, सुती वेष्टणाच्या वायरी, नट-बोल्ट आणि पत्रा या दुसऱ्या बाजूला. त्यांना शक्यतो हात लावायचा नाही. लावावाच लागला तर आधी फोटो, मग टिपण, आणि काढलेला भाग जपून ठेवायचा. वायरीचे वेष्टण जिथे सडले आहे तिथे आग लागू शकते, म्हणून तेवढ्या वायरी मी नव्या टाकल्या. जुन्या नावनिशी लावून डब्यात आहेत.

इंजिन सहा सिलिंडरचे, साडेतीन लिटरचे, ब्याण्णव अश्वशक्तीचे. त्याची एक खुबी आहे. आजच्या इंजिनात तेल दाबाने प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचते. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या तळाशी पळीसारखे टोक असते, ते फिरता फिरता खालच्या पन्हळीतले तेल उचलून उडवते. बेअरिंगे व्हाइट मेटलची, म्हणजे वितळवून ओतलेल्या मऊ धातूची. गाडी सतत वेगात हाणली तर ती सोसत नाहीत. त्यामुळे पुणे-नाशिक महामार्गाच्या नव्या चौपदरी वळणरस्त्यांवर मी नाही जात. जुन्या रस्त्याने, गावातून, ताशी पन्नासच्या आत. गाडी ज्या वेगाच्या रस्त्यासाठी बनली तोच वेग तिला मानवतो. विजेची व्यवस्था सहा व्होल्टची. मंचरच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितले, "सर, बारा व्होल्टची करून टाकू, दिवे बघा कसे पडतात." मी नको म्हणालो. आता रात्री गाडी काढत नाही, एवढाच फरक.

सगळ्यांत मोठी डोकेदुखी पेट्रोलची. देशभर आता वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, जुन्या रबराला फुगवते, बुचाच्या गॅस्केटी खराब करते. माझ्या पेट्रोलपंपाचा रबरी पडदा एका पावसाळ्यात गेला. इथेनॉल सोसणारा नवा पडदा टाकला, टाकी कधी महिनोन्‌महिने भरून ठेवत नाही. पण यातली गंमत माझ्या मनातून जात नाही. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. त्याच धरणांच्या पाण्यावर घोड आणि कुकडीच्या खोऱ्यात ऊस वाढला. उसापासून इथेनॉल होते. आणि ते इथेनॉल आज त्या बुडालेल्या गावी जाऊन आलेल्या गाडीच्या रबराला खाते. तक्रार कोणाकडे करायची? ऊस माझ्याही भावाच्या शेतात आहे.

राहिला प्रश्न कायद्याचा आणि घरचा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. अशी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. डिझेल इंजिन बसवलेल्या जुन्या गाड्यांवर हा नियम जरा कठोर आहे, असे मला वाटते. त्यांचाही एक खरा इतिहास आहे. पण कायद्याने 'मूळ रूप' या शब्दाला आपल्याकडे पहिल्यांदाच काही वजन दिले, हेही खरे.

माझ्या पुतण्याचा नारायणगावला मंगल कार्यालयांच्या सजावटीचा व्यवसाय आहे. तो मला दर लग्नसराईत विचारतो. "काका, लाल-पांढरा रंग मारू, नवरदेवाला यातून मिरवू. एका हंगामात रंगाचे पैसे निघतील." मी त्याला नियम दाखवला. तो हसला. "नियमाचं सोडा. तुमच्या मागं हिचं काय करणार, ते सांगा." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मला मूलबाळ नाही. जी वस्तू मी दुसऱ्याच्या पडवीतून आणली, ती उद्या दुसऱ्या कोणाच्या दारात जाणार. तो माणूस तिला रंगवील, विकील, कदाचित भंगारात घालील. मालक म्हणून मी ते थांबवू शकत नाही. माझ्या ताब्यात आहे तोवर तिच्याबद्दल खोटे काही पसरू नये, एवढेच माझ्या हातात आहे.

म्हणून गेल्या दसऱ्याला मी एक काम उरकले. पूजा झाल्यावर, नवे कुंकू जुन्या डागावर लागल्यावर, तीन दारांचे नवे पुठ्ठे काढले. तुरिन सनद म्हणते की बदललेला भाग नवा म्हणून ओळखता यावा. ते पुठ्ठे इतके चोख झाले आहेत की पन्नास वर्षांनी कोणालाही ते मूळचे वाटतील. मी निळी पेन्सिल घेतली आणि प्रत्येकाच्या पाठीवर लिहिले, 'नवा, २०१८, नारायणगाव. मूळचा पुठ्ठा माझ्या चुकीने जळाला. त्याच्या पाठीवर काय होते ते पाहिले नाही.' खाली नाव घातले. मग पुतण्याला हाक मारली. त्याने एकेक पुठ्ठा हातात घेऊन वाचला, काही बोलला नाही, आणि चौथ्या दाराचा पुठ्ठा मी दाखवायला काढला तेव्हा तो आपणहून उलटा करून पाहिला.